शेरीफ : एका हुद्द्याची घसरण

नॉर्मन स्वारीपूर्वीचे इंग्लंड ‘शायर’ नावाच्या प्रांतांत वाटलेले होते. ‘गेरेफा’ म्हणजे कारभारी. शायरमधला राजाचा कारभारी तो ‘शीरगेरेफा’. याच शब्दाचा पुढे ‘शेरीफ’ झाला. राजाचा वसूल गोळा करणे, प्रांताची न्यायसभा भरवणे, गुन्हेगार पकडणे ही त्याची कामे. १०६६ च्या स्वारीनंतर नॉर्मन राजांनी हुद्दा कायम ठेवला, फक्त त्यावर आपली माणसे बसवली, आणि शेरीफाचे वजन उलट वाढले.

प्रांताचा वसूल तो बहुधा मक्त्याने घेई. ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची, वर सुटेल ते आपले. जुलमाचे मूळ इथेच होते. ईस्टर आणि सप्टेंबरअखेरचा मायकेलमस अशा दोन सणांना त्याला हिशेबाला हजर राहावे लागे. मेजावर चौकड्यांचे कापड अंथरलेले असे. त्यावर सोंगट्या मांडून येणे आणि भरणा समोरासमोर दाखवत. भरलेल्या रकमेच्या खाचा काठीवर पाडून ती उभी चिरत. एक फाक शेरीफाकडे, दुसरी खजिन्यात. दोन्ही जुळल्या तरच पावती खरी. अशा हिशेबांची सर्वांत जुनी उपलब्ध गुंडाळी ११३० ची आहे.

रयतेची ओरड वाढली तेव्हा राजा दुसऱ्या हेन्रीने ११७० मध्ये चौकशी लावून बहुतेक शेरीफांना घरी बसवले. १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेने राजाच्या अखत्यारीतले खटले चालवण्याची त्यांना बंदी केली. मालकाच्या संमतीवाचून घोडे-गाड्या नेण्यासही मनाई झाली. एवढी बारीक मनाई करावी लागली, यावरून आधीचा रिवाज कळतो. रॉबिन हूडच्या कथांत खलनायक नॉटिंगहॅमचा शेरीफच असावा, यात नवल नाही.

ट्यूडर काळात शेरीफाकडचे सैन्याचे काम लॉर्ड लेफ्टनंट या नव्या अधिकाऱ्याकडे गेले. आज इंग्लंडमधला हाय शेरीफ वर्षभराचा, बिनपगारी, मानाचा अधिकारी आहे. नेमणूक मात्र अजूनही यादीतल्या नावाशेजारी दाभणाने भोक पाडून होते. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे न्यायाधीश. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेला पोलीस अधिकारी असतो.

१७२६ च्या राजसनदेने मेयर कोर्टाबरोबर हा हुद्दा मुंबईतही आला. कोर्टाचे हुकूम बजावणे हे त्याचे काम. शिवाय नागरिकांनी लेखी मागणी केली की जाहीर सभा शेरीफ बोलावत असे. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ अशा दोन वर्षी शेरीफ होते. मराठीत त्याला ‘नगरपाल’ म्हणू लागले. तोवर तो केवळ मानाचा हुद्दा उरला होता. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनीही तो भूषवला.