कृष्णेची संथ चाल

जुन्या महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. तिचा उगम सुमारे १३०० मीटर उंचीवर, तर सांगली अवघ्या ५५० मीटरांवर. या उताराचा मोठा भाग डोंगर उतरतानाच संपतो. पुढे नदीला घाई राहत नाही. माहुलीस वेण्णेला, कऱ्हाडास कोयनेला पोटाशी घेत ती वळणावळणाने सरकते.

संथ पाणी गाळ खाली ठेवते. त्या गाळाने काठच्या काळ्या मळ्या घडविल्या आणि तेथील वांगी नावारूपास आली. औदुंबर-भिलवडीच्या डोहांत मगरींना आसरा मिळाला. वारणासंगमावरील हरिपुरास जमिनीत पेवे खोदून त्यांत हळद वर्षानुवर्षे साठविली गेली; तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही आणि कीड लागत नाही. ‘शारदा’ (१८९९) लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे.

परंतु संथ नदीला पुराच्या वेळी पसरावयास जागा लागते. पाणी वेगाने पुढे जात नाही. त्यातच वारणाही भरून आली की ते काठावर चढते. पूर्वजांना याची जाण होती. वाईस गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली घाटावर ढोल्या गणपतीचे मंदिर बांधले, तेव्हा पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची केली. नदीला अडविले नाही, वाट दिली.

ती वाट पुढे आपण अरुंद केली. २००५ च्या महापुरात हरिपूरची अनेक पेवे निकामी झाली. सांगलीच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून कित्येक घरे उघडी पडली. २०२१ मध्ये शहर पुन्हा बुडाले. अतिवृष्टी हे कारण खरेच. पण नाले बुजवून आणि पूररेषेच्या आत उभारलेली घरेही त्यास जबाबदार आहेत.

स्वस्त मिळतो म्हणून नदीकाठचा प्लॉट घेताना कुटुंबाने एकदा जुन्या पुराची खूण विचारावी. गावातील वडीलधारी माणसे ती भिंतीवर बोट ठेवून दाखवितात.