गंगाजळी: देवघरातील गडूपासून नागपूरच्या तिजोरीपर्यंत

वर्धा जिल्ह्यातील पुलगावात राखीव साठा म्हटले की प्रथम आठवते ते लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार. जुन्या मराठी घरांत याहून फार लहान असा एक साठा असे: देवघरातला तांब्याचा गडू, तोंड डाक लावून बंद केलेला. आत काशीहून आणलेले गंगेचे पाणी. हीच मूळची गंगाजळी.

यात्रेहून परतल्यावर मावंद्याच्या दिवशी गंगेची पूजा होई, थोडे तीर्थ वाटले जाई. मात्र एखादा गडू न फोडता ठेवीत. तो उघडायचा प्रसंग एकच, घरातील कुणाचा अंतकाळ. तहान लागली म्हणून त्याला कुणी हात लावीत नसे. अडीअडचणीसाठी बाजूला काढलेल्या द्रव्याला मराठीने हेच नाव दिले, ते या बंद झाकणामुळे. नुसत्या शिलकीला गंगाजळी म्हणणे ही अलीकडची सैल भाषा होय.

त्या पाण्याचे मोल किती? वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. मिळवलेला पैसा लुटला गेला. घरी पोहोचली ती गंगेची कावड. ही हकिकत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात आहे.

पुढे रेल्वेने ही वाट सोपी केली. ज्या पुलावरून पुलगावाला नाव पडले असे सांगतात, तो वर्धा नदी ओलांडणारा मार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. १८७० मध्ये मुंबई व कलकत्त्याकडील रूळ जबलपुरात जुळले. वऱ्हाडातील यात्रेकरूला भुसावळमार्गे प्रयाग गाठता येऊ लागले.

कायद्यानेही हे झाकण ओळखले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. सभासदांना तो लाभांश म्हणून वाटून घेता येत नाही.

देशाच्या गंगाजळीची खरी कसोटी लागली १९९१ मध्ये. परकीय चलन जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. मे महिन्यात चंद्रशेखर सरकारने २० टन सोने स्वित्झर्लंडला पाठवले. पण ते तस्करांकडून जप्त केलेले होते, म्हणजे वरकड धन. झाकण उघडले ते जुलैत. रिझर्व्ह बँकेने स्वतःच्या साठ्यातील सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. तेव्हा पंतप्रधान होते नरसिंह राव, त्याआधी रामटेकचे खासदार. सोने देशाबाहेर गेल्याची बातमी लोकांच्या जिव्हारी लागली, कारण घरचे सोने गहाण पडणे म्हणजे काय हे प्रत्येक घराला ठाऊक होते. तरीही निर्णय योग्यच होता: कर्जफेड चुकली नाही आणि तारणाची रक्कमही लवकरच फिटली. गडू ज्या प्रसंगासाठी ठेवतात, तो प्रसंग आलाच होता.

२०२४ मध्ये सुमारे १०० टन सोने इंग्लंडहून भारतात परत आणण्यात आले. रिझर्व्ह बँकेचे देशातील सोने दोन ठिकाणी असते: मुंबईत आणि पुलगावापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या नागपुरात.