फोर्ट युनियन : अवशेष आणि पुनर्रचना

मिसूरी व यलोस्टोन या नद्यांच्या संगमानजीक अमेरिकन फर कंपनीने इ. स. १८२८ मध्ये फोर्ट युनियन हे व्यापारी ठाणे स्थापिले. असिनिबॉइन, क्री, क्रो आदी जमाती येथे बायसनची केसाळ कातडी देऊन कापड, बंदुका व मणी घेत. १८३७ साली कंपनीच्याच आगबोटीबरोबर देवीची साथ आली; तीत असिनिबॉइनांची अपरिमित हानी झाली. १८६७ मध्ये सैन्याने ठाणे विकत घेऊन मोडले. १९६६ मध्ये ही भूमी राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. पुढे उत्खनन व जुनी चित्रे यांच्या आधारे तट-बुरूज नव्याने बांधण्यात आले. अर्थात प्रेक्षकास दिसते ती मूळ वास्तू नव्हे, तर साधार अनुमान होय. तट पुन्हा उभारता आला. ओस पडलेल्या छावण्या उभारता येत नाहीत. त्यांची नोंद ठेवणे हे इतिहासलेखनाचेच कार्य होय.