सात घरांचा चौक

एखाद्या वस्तीचा गौरव करायचा, तर परीक्षकाने तिथे पाहायचे काय? जकार्ताच्या कांपुंग वस्त्यांना १९८० साली आगाखान पुरस्कार मिळाला, तो लोकांना न उठवता पाणी आणि पायवाटा आणल्याबद्दल. १९९५ साली तो इंदूरच्या अरण्य वसाहतीला मिळाला. तिथे घर ऐपतीप्रमाणे वाढवायची सोय होती.

हाच निकष मनात धरून मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये हिंडलो. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ या काळात सिडकोसाठी उभारलेली ही वसाहत. आठ मीटर चौरस चौक, त्याभोवती सात घरे. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे उद्या कुणी खोली वाढवली तरी दुसऱ्याला धक्का नको.

मूळची उतरत्या छपरांची घरे आता विरळ झाली आहेत. बऱ्याच ठिकाणी ती पाडून बंगले उठले. वास्तुप्रेमी हळहळतात. मला तितके वाईट वाटले नाही, कारण वाढ तर आराखड्यातच होती. (पाडापाड नसावी, हे कबूल.) माझी नजर चौकांवर होती. काहींत गाड्या शिरल्या आहेत. एका चौकात मात्र मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला होता आणि गाड्या निमूटपणे बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या.