हिरवा दिसणारा ज्युनिपर

गेल्या रमजान ईदला धाकट्या बहिणीने अब्बांसाठी ज्युनिपरचा एक छोटा बोन्साय आणला. नुकतंच त्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि जिने चढायला मनाई होती. झाडाची संगत तरी मिळेल, या हेतूने आम्ही ती कुंडी त्यांच्या पलंगाजवळच्या टेबलावर ठेवली. खोलीत दिवसभर ट्यूबलाईट असायची आणि खिडकी होती समोरच्या भिंतीत. विकणाऱ्याने ‘इनडोअर आहे’ असं सांगितलं होतं. फजरच्या नमाजनंतर अब्बा रोज मोजून अर्धा पेला पाणी घालत.

अडीच महिने झाड हिरवंगार दिसलं. मग एके दिवशी हात लागला आणि पानांचा भुगा झाला. माझ्या ओळखीच्या एका जुन्या माळ्याने नखाने खोड खरवडलं. आत हिरवं काहीच नव्हतं. तो म्हणाला, “हे मरून दीड-दोन महिने झाले असतील. ज्युनिपर मेल्यावरही बराच काळ हिरवाच दिसतो.” अब्बा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग इतके दिवस मी पाणी कुणाला घालत होतो?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी या झाडाच्या इतिहासात शिरलो. आमची चूक पाण्यात नव्हती. चूक होती ती उजेडाबद्दलच्या आमच्या समजुतीत.

डोळ्यांचा धोका

आपल्याला खोली उजळलेली दिसते, म्हणून झाडालाही उजेड पुरत असेल असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती कच्चं आहे, हे समजायला हजार वर्षं मागे जावं लागेल. बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम (जन्म 965) अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत ‘किताब अल-मनाझिर’ लिहीत होते. डोळ्यातून किरण बाहेर जातात आणि वस्तू दिसते, हे त्या काळी प्रतिष्ठित असलेलं मत त्यांनी खोडून काढलं. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे त्यांनी मांडलं. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या उजेडाचे प्रयोग केले.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. डोळ्याला काय दिसतं, हे भोवतालच्या उजेडावरही ठरतं. तारे दिवसाही आकाशात असतातच, पण लख्ख उजेडात डोळा त्यांना टिपू शकत नाही. म्हणजे डोळा हा साक्षीदार आहे, मोजपट्टी नाही.

आज उजेड मोजायला लक्स हे एकक आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ तो हजार-दोन हजारांवर येतो. खोलीच्या आत, ट्यूबलाईटखाली, शंभर ते तीनशे. हा फरक शेकडो पटींचा आहे, पण बाहुली मोठी होते, डोळा जुळवून घेतो आणि आपल्याला सगळं ठीक वाटतं. पानाकडे मात्र असा समजूतदारपणा नसतो. पुरेसा उजेड नसेल तर ते अन्न तयार करू शकत नाही. झाड साठवलेल्या शिदोरीवर दिवस काढतं आणि शिदोरी संपली की आतून संपतं. अब्बांच्या पलंगाशेजारी नेमकं हेच झालं होतं.

अरअर आणि अबहल

ज्युनिपर हे आपल्या दख्खनचं झाड नाही, पण त्याचं नाव आपल्याकडे अनोळखीही नाही. आयुर्वेदात त्याच्या फळांना हपुषा म्हणतात, युनानी हकीम अबहल म्हणतात आणि काष्ठौषधींच्या दुकानात ती हाऊबेर म्हणून मिळतात. अरबीत झाडाला अरअर असंही म्हणतात. सौदी अरेबियाच्या उत्तर सरहद्दीवर अरअर नावाचं एक शहरच आहे.

हे झाड वाढतं कुठे, हे पाहिलं की त्याची भूक समजते. सौदीतल्या असीर प्रांताच्या डोंगरमाथ्यांवर, ओमानच्या जबल अख्दरवर, हिमालयात आणि बलुचिस्तानात ज्युनिपरची रानं आहेत. सगळीकडे उंची, वारा, थंडी आणि मोकळं ऊन. झाडं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात. या झाडाची सावलीत राहिलेली आतली फांदी वाळून जाते आणि जुन्या उघड्या लाकडावर सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. म्हणजे त्याला दिवसाचे किमान सहा तास तरी थेट ऊन लागतं. शिवाय हिवाळ्यात थंडीची विश्रांतीही लागते. बारा महिने एकाच तापमानाची खोली त्याला कैदेसारखीच.

बलुचिस्तानातल्या झियारतचं ज्युनिपरचं रान सुमारे 1 लाख 10 हजार हेक्टरांवर पसरलेलं आहे. तिथली काही झाडं हजार वर्षांहून जुनी मानली जातात. खरवारी बाबांच्या दर्ग्यावरून गावाला झियारत हे नाव पडलं. मुंबईत वकिलीचं आयुष्य घालवलेले जिना 1948 मध्ये आजारपणात इथेच राहिले होते. इंग्रजांनी 1892 मध्ये बांधलेल्या त्या निवासस्थानाला 15 जून 2013 रोजी हल्लेखोरांनी आग लावली. त्याच वर्षी युनेस्कोने या रानाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला होता. इमारत पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. ज्युनिपरचं एखादं झाड मात्र माणसाच्या हयातीत पुन्हा उभं राहत नाही, इतकं ते सावकाश वाढतं.

कुंडीत आलं, घरात नाही

मग हे डोंगरी झाड कुंडीत कसं आलं? चीनमध्ये तांग घराण्यातल्या राजपुत्र ली शियान याच्या इसवी सन 706 च्या थडग्यातल्या भित्तिचित्रांत एक सेवक तबकात दगड आणि इवली झाडं घेऊन जाताना दिसतो. चीनमधून ही कला जपानला गेली. जपानी लोकांनी कड्यांच्या कपारीत वाऱ्याने पिळवटलेले ज्युनिपर दोर लावून, जीव धोक्यात घालून उतरवले आणि कुंड्यांत वाढवले. 1923 च्या भूकंपाने तोक्योची वाताहत झाल्यावर बोन्साय करणारी काही कुटुंबं शहर सोडून ओमियाला गेली. मोकळी जागा, स्वच्छ पाणी आणि हवा त्यांना हवी होती. 1925 मध्ये तिथे बोन्सायचं गावच वसलं.

आपल्याकडे पोचताना यातली एक गोष्ट वाटेतच गळून पडली. जपानी घरात बोन्साय राहत नाही, पाहुणा म्हणून येतो. कुणी खास माणूस येणार असेल तर तो आतल्या सजावटीच्या कोनाड्यात मांडतात आणि नंतर परत बाहेर फळीवर, उन्हात नेऊन ठेवतात. फोटोत मात्र कोनाडाच दिसतो. जगाने फोटो पाहिला आणि झाड दिवाणखान्यात आणलं.

अमेरिकेत ही कला रुजवणाऱ्यांत जॉन नाका (1914–2004) यांचं नाव मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना, गुन्हा न पाहता, निव्वळ वंशावरून छावण्यांत डांबलं. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. त्या छावण्यांतही लोकांनी बागा केल्या. युद्ध संपल्यावर नाकांनी ज्युनिपरचं एक कुंडीतलं रान उभारायला घेतलं. नाव ठेवलं ‘गोशिन’, म्हणजे आत्म्याचा रखवालदार. त्यात अकरा झाडं आहेत, अकरा नातवंडांसाठी एकेक. 1984 मध्ये त्यांनी ते देऊन टाकलं आणि ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात गेलं. ज्या देशाने आपल्या माणसांवर संशय घेतला, त्याच्याच राजधानीत ते रान वाढतंय. आणि तेही छताखाली नाही, उघड्यावर, उन्हात.

विजेच्या उजेडावर झाड जगेल का, हा प्रश्नही जुनाच आहे. विल्यम सीमेन्स यांनी 1880 मध्ये इंग्लंडात विजेच्या दिव्याखाली झाडं वाढवून दाखवली. आजचे एलईडी दिवे जवळून, बारा-चौदा तास लावले तर ज्युनिपर काही काळ तग धरू शकतो. पण दिवा त्याला हिवाळा देऊ शकत नाही.

सावली कुणाला हवी

या सगळ्यात मला सर्वात जास्त थांबवलं ते एका उलट्या गोष्टीने. मोठ्या ज्युनिपरला पूर्ण ऊन हवं, पण त्या रुक्ष डोंगरांवर उगवणाऱ्या इवल्या रोपाला सुरुवातीला सावली लागते. एखाद्या झुडपाच्या किंवा मोठ्या झाडाच्या आडोशालाच ते पहिले कोरडे उन्हाळे काढतं. झियारतमध्ये सरपणासाठी झुडपं तुटतात, शेळ्या-मेंढ्या रोपं खातात, बांडगूळ मोठ्या झाडांचा रस शोषतं. असीरमध्येही ज्युनिपरचे शेंडे वाळत चालले आहेत. लांबून डोंगर हिरवा दिसतो, कारण म्हातारी झाडं उभी आहेत. त्यांच्या खाली वाकून पाहिलं तर पोरं कमी दिसतात.

अब्बांच्या कुंडीचं दुःख मला तेव्हा वेगळं वाटलं. आमच्या वस्तीतल्या जुन्या वाचनालयाबद्दलही आम्ही असंच बोलतो. कपाटं भरलेली आहेत, पाटी रंगवलेली आहे, वर्धापनदिन होतो, म्हणजे ते चालू आहे. नवा वाचक शेवटचा कधी आला, हे कुणी नख लावून पाहत नाही.

अब्बा आता जिना चढतात. गच्चीवर त्यांनी दुसरा ज्युनिपर ठेवला आहे. सकाळचं ऊन दुपारपर्यंत मिळतं, एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर हिरव्या जाळीचा आडोसा असतो, पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू नये म्हणून खाली विटा लावल्यात. पाहुणे आले की ते कुंडी खाली आणायला सांगतात आणि संध्याकाळी परत वर न्यायला लावतात. महिन्यातून एकदा एखाद्या बारीक फांदीवर नखाने हलकेच खरवडतात. खाली हिरवं दिसलं की मला हाक मारतात, “अजून आहे, ये बघ.”