कानशीखालून निघालेली सायकल

माउंटन बाईक कुठल्याही कारखान्यात जन्मलेली नाही. जुन्या भंगारातून, पाना, करवत आणि कानस घेऊन बसलेल्या पोरांच्या हातून ती घडली, आणि कंपन्या तिच्याकडे वळल्या त्या बऱ्याच नंतर. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या चंदगडात एखादा पोरगा नव्याकोऱ्या सायकलला ड्रिल लावून बसला की घरची माणसं हळहळतात. चांगल्या वस्तूची नासाडी चालली आहे असं त्यांना वाटतं. त्या पोराचं कुळ फार मोठं आहे.

अमेरिकेत 1933 साली श्विन कंपनीने जाड, फुगीर टायरच्या सायकली काढल्या. दणकट, जड आणि एकाच गिअरच्या. पेपर टाकणाऱ्या पोरांपासून सगळ्यांनी त्या वापरल्या आणि चाळीसेक वर्षांत त्या अडगळीत गेल्या. 1970 नंतर कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातल्या तरुणांनी किरकोळ पैशांत त्या उचलल्या. मडगार्ड काढले, स्टँड काढला, टाकीसारखा शोभेचा डबा काढला. माउंट टॅमलपायसच्या डोंगरात वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी कच्चे रस्ते काढलेले होते, त्यांवरून या उघड्याबोडक्या सायकली भरधाव सोडायच्या. असल्या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत.

गंमत ब्रेकमध्ये होती. तो मागच्या हबच्या पोटात असे आणि पायडल उलटं दाबलं की लागे. असाच एक रस्ता होता साधारण साडेतीन किलोमीटरचा, त्यात 400 मीटरचा उतार. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग हब उघडायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं, तेव्हा कुठे सायकल पुढच्या फेरीला तयार. ग्रीस पुन्हा भरण्यावरूनच त्या रस्त्याचं नाव ‘रीपॅक’ पडलं. तिथली पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 रोजी झाली. ती भरवणारा चार्ली केली. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही मंडळी त्याच टोळक्यातली.

उतरायला मजा, पण चढताना सायकल ढकलावी लागे. डिसेंबर 1974 मध्ये मरिनमधल्या एका शर्यतीला क्युपर्टिनो गावचे काही जण आले, त्यांच्या क्लंकरना गिअर बसवलेले होते. फिशरनेही आपल्या जुन्या श्विनला गिअर चढवले, हबमध्ये ड्रम ब्रेक घातले आणि ते ओढायला मोटरसायकलचे लिव्हर लावले. हे काम ऐकायला वाटतं तेवढं सोपं नाही. एका गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाला जागा असते साधारण 110 मिलिमीटर, आणि गिअरच्या हबला लागतात 120 किंवा त्याहून जास्त. म्हणजे फ्रेमचे मागचे दोन पाय फाकवायचे, तेही दोन्ही बाजूंना सारखे. नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि साखळी तिरकी धावते. लोखंड हे सहन करतं. जोर लावून वाकवलं की वाकतं आणि तिथेच राहतं.

जुन्या फ्रेमा उतारावर मोडायला लागल्या तेव्हा ब्रीझने 1977 मध्ये क्रोम-मॉली पोलादाच्या नळ्यांची खास फ्रेम बांधली. अशा एकूण दहा सायकली झाल्या, आणि त्यातली पहिली आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. 1979 मध्ये फिशर आणि केली यांनी टॉम रिचीच्या हातच्या फ्रेमा घेऊन ‘माउंटनबाइक्स’ नावाचा धंदा सुरू केला. स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली 1981 मध्ये. कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली ती पहिली माउंटन बाईक. तोवर घरच्या हत्यारांनी तिची सगळी ठेवण ठरवून टाकली होती.

या कुळाचा मूळ पुरुष शोधायचा तर आणखी मागे, 1888 मध्ये जावं लागतं. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने त्या वर्षी आपल्या मुलाच्या तीनचाकीला रबराची हवा भरलेली नळी बसवली, घरीच, हाताने. त्यातून सायकलचा हवेचा टायर आला. तो नसता तर पुढचे फुगीर टायरही नसते. आणि त्याच 1888 साली आमच्या शेजारी बेळगावात लक्ष्मणराव आणि रामुअण्णा किर्लोस्कर या भावांनी सायकलचं दुकान काढलं.

बेळगाव ही आम्हा चंदगडकरांची जुनी बाजारपेठ. दोन राज्यांची सीमा नकाशावर आली तरी नट, बोल्ट, बेअरिंग आणायला पाय तिकडेच वळतात. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत, सायकली तिकडून यायच्या आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावला परतले, कडबा कापायचं यंत्र केलं, 1903 मध्ये लोखंडी नांगर केला, आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराची गोष्ट सगळे सांगतात, सायकलची एका ओळीत उरकतात. मला मात्र ते दुकान फार महत्त्वाचं वाटतं. साखळी, दाते, छर्रे, आटे, ताण यांचा मेळ सायकलीत सगळा उघडा असतो, झाकण काढावं लागत नाही. या भागातल्या कित्येक हातांना यंत्राची पहिली ओळख सायकलनेच करून दिली असणार.

आमच्याकडची काळी, 28 इंची चाकांची सायकल कधी कुणी दुकानातून आणली तशी वापरली नाही. दुधाचे कॅन टांगायला कॅरियरला जाड सळ्यांचे आधार जोडले जायचे, चिमट्याला वरून जादा पट्ट्या यायच्या. आणि कॉटर पिन तर प्रत्येकाच्या वाट्याला येई. ही साडेनऊ मिलिमीटर जाडीची खुंटी, एका बाजूने तिरकी सपाट, पायडलचा दांडा आसावर घट्ट धरून ठेवते. नवी पिन आणली तरी ती थेट बसत नाही. मिस्त्री ती व्हाइसमध्ये धरतो, सपाट बाजूवर कानस मारतो, घालून बघतो, काढतो, पुन्हा दोन हात मारतो. दोन्ही पिना सारख्याच कोनात उतरल्या पाहिजेत, नाहीतर दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडी चालते. मग दांड्याखाली पाइपचा तुकडा उभा टेकवायचा आणि पिन ठोकायची, म्हणजे घाव छर्‍यांवर न बसता पाइपवर जातो. ही विद्या कुठल्या पुस्तकात नसते, दुकानासमोर उकिडवं बसून ती बघायची असते.

त्या काळ्या सायकलीचा पुढचा चिमटा बराच कललेला, दोन चाकांतलं अंतर लांब. कच्च्या रस्त्यावर ती स्थिर राहते ती यामुळे. ब्रीझने जुन्या श्विनचे कोन उचलले तेही याच कारणाने. ईसापूरहून पारगडाकडे किंवा हेऱ्याच्या बाजूला जांभ्याच्या रस्त्यावर तिने इतकी वर्षं काढली, हे मला तरी आश्चर्याचं वाटत नाही.

आता पोरांच्या हाती जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली आहेत आणि त्यांच्या दुरुस्त्याही निराळ्या आहेत. पहिली दुरुस्ती पावसाची. चंदगडचा पाऊस आणि तांबडा चिखल म्हणजे टायर आणि फ्रेममधली फट तासाभरात लिंपून जाते. शोभेचे मडगार्ड काढून प्लास्टिकच्या कॅनचा पत्रा कापतात, भोकं पाडतात आणि केबल-टायने बांधतात. तो लवतो, त्यामुळे चिखल धरत नाही.

दुसरी व्हॉल्व्हची. महागड्या रिमला बारीक व्हॉल्व्हसाठी साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं. त्याला मोटरसायकलचा पंप लागत नाही आणि तसली ट्यूब तालुक्याच्या बाजारात मिळेलच असं नाही. तेव्हा साडेआठचं ड्रिल लावून भोक मोठं करायचं. ड्रिल हळू फिरवायचं, रिम लाकडावर टेकवायचं, आणि झाल्यावर गोल कानशीने आतली धार मोडायची. ती राहिली तर ट्यूब मुळाशीच चिरते. रिम रुंद असेल तरच हे करावं. अरुंद रिममध्ये एवढं मोठं भोक पाडलं तर कडेला धातूच उरत नाही.

चिमट्याची लांब नळी कापायची असेल तर नळीवर होज क्लिप आवळायची आणि तिच्या कडेला लावून करवत चालवायची, म्हणजे काप सरळ येतो. ग्राइंडर मात्र बेताने वापरावा. अ‍ॅल्युमिनियम तापलं की त्याची ताकद जाते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्याच धातूच्या फ्रेमचे मागचे पाय फाकवायच्या भानगडीत तर पडूच नये. ते लोखंडासारखे वाकून राहत नाहीत, तडकतात. हँडल, स्टेम, ब्रेकची चकती यांना कानस लावू नये आणि कार्बनला ड्रिल लावू नये. एवढा संयम न पाळणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

सध्या सगळ्यांत जास्त अडतं ते हँगरपाशी. मागचा गिअर जिथे लटकतो तो हा बोटभर तुकडा. पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणूनच तो मऊ धातूचा आणि वेगळा केलेला असतो. पण त्याचे आकार फ्रेमागणिक निराळे. मोडला की बदली तुकडा बेळगावातही मिळायची मारामार. मग मोडक्या तुकड्यावरून कागदावर आकार काढायचा, अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीवर तो उतरवायचा, हॅक्सॉने कापून कानशीने अंगाला बसवायचा. कठीण जातं ते शेवटचं भोक. त्याला 10 मिलिमीटरचा, 1 मिलिमीटर अंतराच्या बारीक आट्यांचा टॅप लागतो, तो साध्या गॅरेजात नसतो. 10 चा नेहमीचा टॅप दीड मिलिमीटर अंतराचा, तो मारला तर गिअरचा बोल्ट दोन फेऱ्यांत आटे खाऊन टाकतो. स्रॅम कंपनीने 2019 मध्ये त्यासाठी बनवलेल्या सगळ्या फ्रेमांना चालेल असा एकच हँगर काढला आणि नव्या महाग सायकलींवर तो आता दिसतो. तशा सायकली आमच्या बाजूला हातोहाती फिरायला लागेपर्यंत बारीक आट्यांचा एक टॅप आणून ठेवलेला बरा.