सरळ रस्त्यावर सुसाट, वळणावर हट्टी: जुन्या मसल कारचा तोल कसा सावरतात?

१९६८ साली आलेल्या 'बुलिट' सिनेमातला पाठलाग आजही सोशल मीडियावर फिरत असतो. सॅन फ्रान्सिस्कोचे उभे चढउतार, हिरवी फोर्ड मस्टँग, काळी डॉज चार्जर आणि हवेत उडून धाडकन आपटणाऱ्या गाड्या. पण पडद्यावर एक गोष्ट दिसत नाही. शूटिंगआधी मॅक्स बालचोस्की या मेकॅनिकने दोन्ही गाड्यांचं सस्पेन्शन मजबूत करून घेतलं होतं.

त्याची गरज का पडली? कारण त्या काळातल्या मसल कार सरळ रस्त्यावर वाघ होत्या, पण वळण आलं की हट्टी बैल. हा हट्ट येतो कुठून आणि तो कमी कसा करतात, समजून घेऊया.

मसल कार म्हणजे नेमकं काय?

मध्यम आकाराची, परवडणारी अमेरिकन गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, हा मसल कारचा साधा फॉर्म्युला. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. तिच्यात ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली. ती फोर्डच्याच फाल्कन या साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली होती.

या गाड्यांचं मोजमाप व्हायचं ते पाव मैलाच्या, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या सरळ शर्यतीवर. वळणाचा विचार त्यात मागे पडला.

वळणावर अडचण का येते?

उत्तर बॉनेटखाली आहे. लोखंडी व्ही-८ इंजिन जड असतं. शेव्हरोलेचं छोट्या गटातलं व्ही-८ साधारण २६० किलोचं, तर मोठ्या गटातलं ३०० किलोच्या वर. हा सगळा भार पुढच्या चाकांवर. त्यामुळे अनेक मसल कारचं ५५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन पुढे असतं.

वजन जास्त तर टायरची पकडही जास्त, मग बिघडलं कुठे? टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जास्त भार वाहणारे पुढचे टायर वळणावर आधी हार मानतात. स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते. याला अंडरस्टीअर म्हणतात.

खरा धोका पुढे आहे. गाडी वळत नाही म्हटल्यावर घाबरलेला चालक ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय काढतो. भार झटकन पुढे सरकतो, आधीच हलका असलेला मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. वळणात जोरात ॲक्सिलरेटर दाबला तरी शेपटी सुटते, कारण ताकद मागच्या चाकांना जाते आणि त्यांच्यावर भार कमी असतो. यातल्या बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९६८ आधीच्या बहुतेक गाड्यांत खांद्यावरून जाणारा सीट बेल्टही नव्हता. म्हणजे चूक सुधारायला वेळ कमी आणि चुकीची किंमत मोठी.

पहिली पायरी: अंदाज नको, वजन करा

प्रत्येक चाकाखाली एक असे चार वजनकाटे ठेवून गाडी मोजतात. मोजताना टायरमधली हवा बरोबर हवी, टाकीतलं पेट्रोल दरवेळी सारखं हवं आणि चालकाच्या सीटवर चालक किंवा तेवढंच वजन हवं. यातून दोन आकडे निघतात.

• पुढे-मागे वाटणी: पुढच्या दोन चाकांची बेरीज भागिले एकूण वजन.

• तिरपी वाटणी: पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक यांची बेरीज भागिले एकूण वजन. ही ५० टक्क्यांच्या जवळ असेल तर गाडी डावीकडे आणि उजवीकडे सारखी वळते.

इथे अनेकांची गल्लत होते. स्प्रिंगची उंची कमी-जास्त करून तिरपी वाटणी सुधारता येते. पुढे-मागे वाटणी मात्र स्प्रिंग बदलून सुधारत नाही. त्यासाठी वजन हलवावं लागतं किंवा काढावं लागतं.

बॅटरी मागे नेली तर किती फरक पडतो?

एखादी वस्तू मागे सरकवल्यावर पुढच्या चाकांवरचा किती भार कमी होतो, याचं सूत्र सोपं आहे. वस्तूचं वजन गुणिले सरकवलेलं अंतर, भागिले पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर.

उदाहरण म्हणून १,४५० किलोची मस्टँग घेऊ, जिचं ५६ टक्के वजन पुढे आहे. जुन्या मस्टँगच्या चाकांमधलं अंतर १०८ इंच, म्हणजे २.७४ मीटर. तिची १८ किलोची बॅटरी इंजिनाशेजारून डिकीत नेली, म्हणजे साधारण ३.३ मीटर मागे. पुढचा भार जवळपास २२ किलोने कमी झाला आणि तेवढाच मागे वाढला. पुढचा वाटा ५६ वरून ५४.५ टक्क्यांवर आला.

बॅटरी १८ किलोची, मग फरक २२ किलोचा कसा? कारण ती पुढच्या चाकांच्याही पुढून निघून मागच्या चाकांच्याही मागे गेली. सी-सॉवर टोकाला बसणारं मूल जास्त भारी पडतं, तसंच हे.

आता तुलना बघा. ३०० किलोचं इंजिन अडीच सेंटिमीटर मागे नेलं तर पुढचा भार कमी होतो जेमतेम पावणेतीन किलोने. त्यासाठी माउंटिंग, गिअरबॉक्सची जागा, प्रोपेलर शाफ्ट सगळं बदलावं लागतं. म्हणून आधी बॅटरी हलवतात, इंजिन नाही.

पुढचं वजन काढून टाकणं

हलवण्यापेक्षा काढणं कधीही चांगलं, कारण त्यात गाडीच हलकी होते. लोखंडी सिलिंडर हेड आणि इनटेक मॅनिफोल्डच्या जागी ॲल्युमिनियमचे भाग बसवले तर छोट्या व्ही-८ मध्ये साधारण ३० किलो वाचतात. आपल्या उदाहरणातल्या गाडीचा पुढचा वाटा त्यामुळे ५३.५ टक्क्यांपर्यंत येतो. बॉनेट फायबरग्लासचं केलं तर आणखी थोडा फरक पडतो.

ही कल्पना नवी नाही. १९६९ मध्ये शेव्हरोलेने कॅमेरो झेडएल-१ या गाडीत ७ लिटरचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन दिलं होतं. हे मोठं इंजिन वजनाला छोट्या लोखंडी इंजिनाच्या आसपास होतं. पण किंमत इतकी वाढली की अशा फक्त ६९ गाड्या बनल्या.

शेल्बीची एक इंचाची जादू

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' सिनेमा पाहिला असेल तर कॅरोल शेल्बी आणि केन माइल्स ही नावं ओळखीची असतील. १९६५ मध्ये या मंडळींनी साध्या मस्टँगवरून जीटी३५० ही गाडी तयार केली. तिच्यात मागची सीट काढली होती, बॉनेट फायबरग्लासचं होतं आणि सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी चक्क डिकीत होती. पुढे डिस्क ब्रेक आणि चांगल्या प्रतीचे शॉक ॲब्सॉर्बर दिले होते.

पण सगळ्यात गाजला तो एक छोटा बदल. पुढच्या सस्पेन्शनचा वरचा हात जिथे बॉडीला जोडलेला असतो, ती भोकं साधारण एक इंच खाली पाडली. मस्टँगच्या जगात याला आजही 'शेल्बी ड्रॉप' म्हणतात. यामागचं मूळ काम फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांचं.

याने होतं काय? वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर झुकतं आणि टायर फक्त कडेवर टेकतो. वरचा हात खाली आणला की सस्पेन्शन दबताना चाकाचं वरचं टोक आत ओढलं जातं आणि टायर रस्त्यावर जास्त सपाट बसतो. वजन तेवढंच, पण पकड वाढते. जीटी३५० ने त्याच वर्षी अमेरिकेच्या एससीसीए स्पर्धेत बी-प्रॉडक्शन गटाचं विजेतेपद मिळवलं.

मग कोणता बदल आधी करायचा?

१. दुरुस्ती: झिजलेले रबर बुश, बॉल जॉइंट, ढिलं स्टीअरिंग आधी ठीक करा. पन्नास वर्षांच्या गाडीत अर्धा दोष इथेच सापडतो.

२. टायर आणि ब्रेक: नवे रेडियल टायर आणि पुढे डिस्क ब्रेक.

३. अलाइनमेंट: कारखान्याचे जुने आकडे त्या काळातल्या बायस-प्लाय टायरसाठी होते. रेडियल टायरला चाकाचं वरचं टोक किंचित आत झुकलेलं लागतं.

४. सांगाडा: बॉडीच वाकत असेल तर सस्पेन्शन काय करणार? म्हणून पुढच्या शॉक टॉवरना जोडणारा आडवा दांडा आणि खालून मजबुती देणारे पट्टे लावतात.

५. अँटी-रोल बार: पुढचा जाड केला तर गाडीचं कलणं कमी होतं, पण सहसा अंडरस्टीअर वाढतो. मागचा जाड केला तर शेपटी सुटायची शक्यता वाढते. म्हणून दोन्हींचा मेळ बसवावा लागतो.

६. वजन हलवणं: बॅटरी, हेड, बॉनेट.

डिकीत बॅटरी? आधी खाली बघा

जुन्या मस्टँगमध्ये डिकीच्या मधल्या भागात जी जमीन दिसते, ती प्रत्यक्षात पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा असतो. तिथे भोक पाडणं किंवा ठिणगी उडणं म्हणजे थेट आगीला आमंत्रण. त्यामुळे बॅटरी बाजूला, पक्क्या आधारावर, बंद पेटीत बसवतात. पेटीतला वायू नळीने गाडीबाहेर सोडतात. मुख्य वायर जाड असावी, पत्र्यातून जाते तिथे रबराचं कडं असावं आणि बॅटरीजवळच फ्यूज असावा. फ्यूज पुढे इंजिनजवळ लावला तर मधली लांबलचक वायर उघडीच राहते.

५०-५० चा हट्ट कशाला?

काही जण आकडा गाठण्यासाठी डिकीत वाळूची पोती टाकतात. वाटणी सुधारते, पण गाडी जड होते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. शिवाय टोकाला ठेवलेलं वजन गाडीला वळायला आणि वळल्यावर थांबायला जड करतं. दोन भरलेल्या बादल्या हात लांब करून धरा आणि गोल फिरा. मग त्याच अंगाजवळ धरून फिरा. फरक लगेच कळेल.

आणि ही वाटणी उभ्या गाडीची आहे. आपल्या उदाहरणातली गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा २०० किलोहून जास्त भार क्षणात पुढे सरकतो. त्यापुढे दीड टक्क्याचा फरक छोटा आहे. म्हणूनच टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यादीत वर आहेत.

भारतात असे बदल चालतात का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केला तर हा दर्जा धोक्यात येतो. म्हणून भोक पाडण्याआधी आरटीओत विचारा आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

शेवटी एक साधा नियम. एका वेळी एकच बदल करा, मोकळ्या आणि बंद जागेत गाडी चालवून बघा, काय फरक पडला ते लिहून ठेवा आणि मगच पुढचा पाना उचला. चार बदल एकदम केले तर गाडी सुधारली कशामुळे आणि बिघडली कशामुळे, हे कधीच कळत नाही.